तोळ्या-शेरातला वारसा

पुण्याच्या पेठांतला एखादा वाडा पाडायचा ठरला, की माळ्यावरचे सामान खाली येते. तांब्याचा बंब, घंगाळ, दोन-चार हंडे, पितळी पराती, पन्नास पानांच्या पंगतीचे पातेले, शिसवी पलंग, कडीपाटाचा झोपाळा. नव्या इमारतीत वाट्याला दोन किंवा फार तर तीन खोल्या येणार असतात, मुले बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत असतात, आणि बंब पेटवायला ना जागा उरलेली असते ना जळण. मग भांडी मोडीत जातात, पलंग जुन्या बाजाराची वाट धरतो आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य येते: पिढ्यान्‌पिढ्या जपलेले आमच्या हातून गेले. या वाक्यातले दुःख खरे आहे. पण त्यात जो इतिहास गृहीत धरलेला आहे, तो तपासून घ्यायला हवा. पूर्वीचे लोक वस्तू सांभाळत आणि आपण त्या विकतो, असा तो समज. गेल्या दोन-अडीचशे वर्षांतला मराठी घरसंसाराचा पुरावा मात्र जवळजवळ उलट सांगतो. वस्तू घरातून बाहेर पडणे ही इथली रीत होती आणि एकाच रूपात ती तीन-चार पिढ्या टिकणे हा अपवाद. बापाकडून मुलाकडे आणि सासूकडून सुनेकडे जात होते ते प्रामुख्याने धातूचे वजन. भांड्याच्या किंवा दागिन्याच्या घडणीला वारसा मानण्याची दृष्टी विसाव्या शतकातली आहे, आणि ही भांडी रोजच्या वापरातून उठू लागली तेव्हाच ती रुजली.

पहिला पुरावा कागदांचा. भाऊ वेगळे निघाले की वाटणीपत्र किंवा फारखत होई आणि सोबत जंगम मालाची याद जोडली जाई. अशा याद्यांत घागर, तपेली, परात, समई अशी नावे येतात, त्यापुढे नग आणि त्यापुढे वजन. तांबे-पितळ शेरात, सोने-चांदी तोळे-मासे-गुंजांत. कोणती घागर कोणाच्या आजीची, ती कोणी घडवली, तिच्यावर काम कसे आहे, याला त्या यादीत जागा नसते. सरदार घराण्यांच्या जामदारखान्यातल्या दागिन्यांच्या याद्या जास्त तपशिलाच्या असतात, पण तिथेही तपशील मोत्यांची संख्या, हिऱ्यांचे वजन आणि किंमत यांचा असतो. इंग्रजी अमलातल्या नोंदीही याच वळणाच्या आहेत. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये बहुतेक जातींच्या वर्णनात घरातले सामानसुमान आणि त्याची अंदाजी किंमत दिलेली आहे. नोंद करणारा साहेब असो की घरचा कारकून, दोघांच्याही लेखी भांडे म्हणजे साठवलेला पैसा होता. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात मुलाला जन्मानेच हिस्सा मिळत असल्यामुळे वाटणी आज ना उद्या होणारच हे सगळ्यांना ठाऊक असे. ज्या मालाची वाटणी होणार आहे तो वजनाने मोजता येण्यातच घराचे हित होते. आठवणीची समान वाटणी करता येत नाही, पण बारा शेर तांब्याची करता येते.

याला कोणी म्हणेल, की कागद व्यवहाराचे असतात, त्यांत माया कशी सापडणार? आक्षेप रास्त आहे, म्हणून कागद बाजूला ठेवून खुद्द भांडेच हातात घेऊ. जुन्या घागरीच्या गळ्याखाली बारीक छिन्नीने ठिपके ठोकून घातलेले नाव असते: कोणी कोणाला, कशानिमित्त आणि कोणत्या शकात किंवा साली दिली. लग्नाच्या आहेरात आलेल्या भांड्यावर तर हटकून. आज आपल्याला ते नाव म्हणजे घराण्याची खूण वाटते. त्याचा मूळ उपयोग वेगळा होता. पंगतीसाठी शेजारघरी, आळीत, गावात भांडी सतत दिली-घेतली जात, आणि ती परत येताना कोणाची कोणती हे नावावरून ओळखायचे असे. म्हणजे ते नावच मुळी भांडे घराबाहेर जाणार हे धरून घातलेले असे. भांडे कायम टिकेल अशी अपेक्षाही नव्हती. तांब्याच्या हंड्याचे बूड घासून घासून पातळ होई, गळू लागे, तांबटाकडून डाग लावून घ्यावा लागे. कल्हईवाला नवसागर टाकून, कथील फिरवून आतून चकचकीत करून देई, पण दोन-तीनदा डागलेले भांडे अखेर मोडीतच जाई. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत त्वष्टा कासारांची घरे पेशवाईपासून हेच काम करत आली. जुने भांडे तराजूत पडे, घट वजा होई, उरलेल्या वजनाला मजुरी लावून नवे भांडे मिळे आणि त्यावर हातोडीच्या ठोक्यांचे मठारकाम चमकू लागे. जुने नाव भट्टीत जाई आणि नव्या घागरीवर नवे नाव पडे. आज पणजीची म्हणून पुढे येणारी घागर पणजीने सासूची घागर मोडून घेतलेली असण्याची शक्यता म्हणूनच बरीच मोठी आहे.

सोन्याचे तर सगळेच गणित मोडण्याचे. याज्ञवल्क्यस्मृती आणि तिच्यावरची मिताक्षरा टीका स्त्रीधनाला संरक्षण देतात, पण दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि नवऱ्याची अटक अशा प्रसंगी त्याने ते घेतले तर परत करण्याचे बंधन त्याच्यावर ठेवत नाहीत. बायकांच्या बाजूने हा नियम अन्यायाचा आहे. पण त्यातून शास्त्रकारांनी दागिन्याकडे कसे पाहिले ते कळते: अडीअडचणीला निघणार म्हणूनच तो घडवायचा. पुतळ्यांची माळ हे याचे उघड उदाहरण. त्या माळेतल्या जुन्या पुतळ्या म्हणजे व्यापारात आलेली व्हेनिसची सोन्याची नाणी. नाण्यावरच्या मानवी आकृतीवरून पुतळी, आणि पुतळ्या ओवून दागिना. गळ्यातून काढून एक पुतळी मोडली तर माळ तुटत नसे, एक मणी कमी होई. पाटल्या, गोठ, तोडे यांचीही तीच कथा. लेकीच्या लग्नात आईचे गोठ मोडून तिच्या पाटल्या होत, सुनेच्या अंगावर सासूची मोहनमाळ वेगळ्या घडणीत येई. घडणावळ आणि घट सोसून लोक हे करत, कारण घडण जुनी झाली तर ती बदलण्यात कोणाला अपराध वाटत नसे. सोने घरात राहिले म्हणजे वारसा राहिला.

मग वस्तू जाण्याचे दुःख पूर्वी नव्हतेच का? होते, आणि ते कुठे होते हे पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतर भोसल्यांच्या वाड्यातली चीजवस्तू कंपनी सरकारने विक्रीला काढली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत लिलावात गेले, जवाहीर कलकत्त्याला रवाना झाले. बांकाबाई आणि राण्यांनी परोपरीने विरोध केला. सामान हलवाल तर वाड्याला आग लावू, अशी धमकी एका राणीने दिल्याचे १८५७ चा इतिहास लिहिणाऱ्या के या इंग्रज लेखकाने नमूद केले आहे. इंग्रज इतिहासकारालाही ही घटना लाजिरवाणी वाटली. पण हा संताप काय गेले यापेक्षा कोणाच्या हुकमाने गेले याचा होता. भोसल्यांच्या घरातून हत्ती-घोडे आणि दागिने पूर्वीही जात होते: बक्षिसांत, आहेरात, सावकाराकडे गहाण म्हणून. त्या जाण्याला घरधन्याची संमती होती आणि त्या बदल्यात मान, नाते किंवा पत मिळत होती. लिलावात यातले काहीच परत आले नाही. जुन्या जगात घरची वस्तू जाणे अपमानाचे नव्हते, ती दुसऱ्याच्या हुकमाने जाणे अपमानाचे होते. आज वाडा रिकामा करताना जो सल राहतो, त्याचाही बराच भाग याच जातीचा असतो. बिल्डरची तारीख, मुलांची सुटी, टेम्पोची वेळ हे हुकूम सोडतात आणि घरच्या माणसाला ठरवायला सवड मिळत नाही.

इथे एक मोठा आक्षेप उभा राहतो. वस्तू फिरत होत्या असे म्हणणे हे गरिबीवर गोड पांघरूण घालणे नाही का? कुणब्याच्या घरातली घागर बाजारात गेली ती रीत म्हणून गेली की पोट जाळते म्हणून? १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधल्या शेतकरी घरांतले चांदीचे दागिने मुंबईच्या टांकसाळीत वितळायला येऊन पडले. त्याच्या आदल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्यामागे जप्तीची धास्ती होतीच. ही जप्ती कुठवर जाई, याची साक्ष कायदाच देतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने कर्जदाराचे आणि त्याच्या बायकामुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळले. जे वगळण्यासाठी कलम लागते ते जप्त होऊ शकते, हे उघड आहे. म्हणून हे मान्य करायलाच हवे, की वस्तू सोडण्याची सवड सगळ्यांना सारखी नव्हती. पेठेतल्या घरात गोठाची पाटली होत होती त्याच काळात दुष्काळी तालुक्यात कमरेचा चांदीचा करगोटा मातीमोल भावाने जात होता. मात्र माझा मुद्दा याने ढासळत नाही. दोन्ही घरांनी धातू साठवला तो एकाच हेतूने, वेळ पडली तर मोडता यावा म्हणून. एकाच्या घरी ती वेळ लग्नाची होती, दुसऱ्याच्या घरी उपासमारीची. फरक विकण्याच्या रीतीत नव्हता, विकणाऱ्याला मिळणाऱ्या भावात आणि त्याच्या हातात असलेल्या वेळेत होता.

धातूखेरीजच्या वस्तूंनाही बाहेर पडायला वाटा होत्या, आणि त्या चांगल्या मळलेल्या होत्या. लुगडे विटले की त्याची गोधडी किंवा वाकळ, त्यातून उरलेल्या मऊ पदराचे बाळाचे दुपटे, आणि शेवटी चूलपोतेरे. खऱ्या जराचा शालू फाटला तर त्याचा जर जाळून चांदी काढत आणि ती वजनावर विकत. भरजरी वस्त्राचा शेवटही सराफाच्या तराजूत होई. शहरांत दारावर बोहारीण येई. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडे, आणि त्यासाठी तासभर चाललेली घासाघीस: अजून एक पँट टाका, मग ही कढई. कपडे तिच्या टोपलीतून निवडून, उसवून, शिवून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर जात. लाकूडसामान पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जाई, मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला चोरबाजारात. वाडा पडला की त्याचे खांब, तुळ्या आणि चौकटी लाकूडवाल्यांकडे जात आणि दुसऱ्या बांधकामात बसत. याखेरीज धर्माने आखून दिलेल्या वाटा होत्याच. माणूस गेले की शय्यादानात गादी, छत्री, जोडे, तांब्या-भांडे दिले जाई. संक्रांतीला वाण लुटले जाई. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून भांड्यांचा संच घरातून कायमचा जाई, आणि चार मुली असतील तर चार संच. देवळाला, मठाला, ज्ञातीच्या धर्मशाळेला मोठी पातेली आणि पराती नाव घालून देण्याची चाल होती. एका बाजूने वस्तू येत, दुसऱ्या बाजूने जात. भरलेला माळा हे वैभवाचे लक्षण मानले जाई खरे, पण तो माळा दर लग्नामुंजीला निम्मा रिकामा होत असे.

देवघराचे काय, असे विचारले जाईल. टाक, शाळिग्राम, घराण्याची तलवार, आजोबांनी हाताने उतरवून काढलेली ज्ञानेश्वरी, या वस्तू तर कोणी मोडीत घालत नव्हते. त्या विकत नव्हते हे खरे. पण त्या सांभाळण्यातही भर वस्तूवर नव्हता, तिच्याबरोबर येणाऱ्या कर्तव्यावर होता. टाक झिजून देवाचा चेहरा दिसेनासा झाला की सोनाराकडून नवा करून घेत. भाऊ वेगळे झाले की थोरल्याकडे मूळचे देव राहत आणि धाकटे आपल्यापुरते नवे टाक घडवत. नव्यांची पूजा जुन्यांइतक्याच श्रद्धेने होई. मूर्ती भंगली तर कितीही जुनी असली तरी ती पाण्यात सोडून देत. जीर्ण पोथ्यांनाही पुष्कळदा नदीचीच वाट दाखवत. आजच्या संग्रहालयातल्या माणसाच्या अंगावर काटा येईल असा हा व्यवहार आहे, पण त्यामागे विचार होता: पूजा चालू राहिली पाहिजे, पाठ चालू राहिला पाहिजे, वस्तू बदलली तरी चालेल. देवघर हा माझ्या म्हणण्याला अपवाद वाटतो, आणि जवळून पाहिले तर तेच त्याचे सर्वांत पक्के उदाहरण ठरते.

मग आपली आजची भावना आली कुठून? तिचा उगम १९४० ते १९८० या चार दशकांत शोधावा लागतो. या काळात मराठी मध्यमवर्गाच्या घराचा पायाच हलला. १९४८ साली गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ब्राह्मणांची घरे जळाली आणि अनेक कुटुंबे होते नव्हते ते सोडून शहरांत आली. त्याच वर्षीच्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने जमीन कसणाऱ्याची झाली, तसे खंडावर चालणारे गावाकडचे मोठे घर चालवणे अनेकांना परवडेना. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने वाड्यांचे भाडे गोठले आणि मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फोडले आणि मुठाकाठच्या पेठांतले संसार चिखलात गेले. १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा आणि १९७० चा अपार्टमेंटचा कायदा आल्यावर वाड्याच्या जागी सदनिका बांधणे हा रीतसर धंदा झाला. याच सुमारास स्वयंपाकघरात रॉकेलचा स्टोव्ह, मग गॅस आला, चुलीवरची जाड बुडाची भांडी गैरसोयीची ठरली. ॲल्युमिनियमच्या जर्मल भांड्यांनी आधीच पाय रोवले होते, त्यावर स्टेनलेस स्टीलने कडी केली. त्याला कल्हई नको, चिंच-राखेने घासणे नको. लग्ने मंगल कार्यालयांत होऊ लागली, पंगतीची पातेली आचारी आणू लागला. जुनी तांब्या-पितळेची भांडी द्या आणि स्टील घ्या, या सौद्यात घराघरांतून धातू बाहेर पडला.

हा सौदा करणाऱ्या बायकांना आज नावे ठेवली जातात: आजीचा हंडा देऊन स्टीलचा डबा घेतला म्हणे! पण त्या आपल्या आजेसासूचाच व्यवहार करत होत्या. जुने मोडायचे आणि त्या वजनात कामाचे घ्यायचे. शिवाय मठारलेला हंडा चिंचेने घासणारे हात त्यांचे होते, आणि तो नको म्हणण्याचा हक्कही त्यांचाच होता. फसगत एका ठिकाणी झाली. पूर्वी तांबे देऊन तांबे मिळत असे, पुढची पिढी ते पुन्हा मोडू शकत असे. स्टीलला मोड जवळजवळ नाही. वजनाचा जो धागा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता तो या सौद्यात तुटला, आणि तो तुटल्यावरच जुन्या भांड्याच्या आकाराकडे लोकांचे लक्ष गेले. सोन्याच्या बाबतीत हा धागा तोडायचा प्रयत्न सरकारने करून पाहिला. १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले, आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम येऊन १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवण्यावर बंदी आली. सोनारांवर उपासमारीची पाळी आली. १४ कॅरटची अट पुढे १९६६ मध्ये उठली, आणि १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. लोकांनी सोन्याचा जुना नियम सोडला नाही. म्हणूनच आजही आजीच्या पाटल्या मोडून नातीचा हार केला तर कोणी हळहळत नाही, पण बंब विकला तर डोळ्यांत पाणी येते. तोळ्यातला वारसा चालू राहिला आणि शेरातला संपला, म्हणून शेरातल्या वस्तूंभोवती आठवण गोळा झाली.

आकार पाहणारी नजर घडवणारी माणसे याच संधिकाळातली. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, कवी म्हणून 'अज्ञातवासी', चष्म्याच्या दुकानाचे मालक. १९२० च्या आसपास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वज्री, कुलपे, दौती, फण्या, सोंगट्या, म्हणजे ज्यांना तराजूत फारसे मोल नव्हते अशा वस्तूंमध्ये त्यांना घडणीचे मोल दिसले. पाय घासायच्या वज्रीवर मोर बसवणारा कारागीर त्यांच्यामुळे प्रथम कारागीर म्हणून ओळखला गेला. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभा केलेला राजा केळकर संग्रह १९६२ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला आणि १९७५ मध्ये त्यांनी तो राज्य सरकारला देऊन टाकला. तेव्हा आणि नंतर मिळून त्यात २०,०००च्या आसपास वस्तू जमा झाल्या. या थोर संग्रहाबद्दल एक साधी गोष्ट विसरली जाते: लोक वस्तू सोडायला तयार होते म्हणूनच तो जमला. घरोघरी सगळे जपले गेले असते तर केळकरांना काही मिळाले नसते, आणि जमवणाऱ्याने स्वतः शेवटी तेच केले, सगळे देऊन टाकले. कायद्याने ही नजर उशिरा पत्करली. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून अमलात आला आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या विक्रीला परवाना आणि निर्यातीला बंदी आली. शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती आता कायद्याच्या दृष्टीने केवळ पाच शेर पितळ राहिली नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वस्तू फिरत होत्या हे मान्य केले तरी त्या फिरण्यात जे नष्ट झाले त्याचे काय? भट्टीत गेलेले मठारकाम परत येत नाही. कागदांच्या बाबतीत हे नुकसान तर भयंकर झाले. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे बावीस खंड केले, ते गावोगाव फिरून, वाळवीच्या आणि वाण्याच्या तावडीतून दप्तरे सोडवून. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते याच निकडीतून. रद्दीत गेलेल्या दप्तराला वजनाचाही भाव नव्हता, आणि त्यात गेले त्याला तोड नव्हती. इथे मी माझे विधान आवरते घेतो. जे एकुलते एक आहे, ज्यात मजकूर आहे, ते मोडीच्या नियमात बसत नाही आणि कधी बसवायलाही नको होते. पण यातून प्रत्येक घराने सगळेच जपावे असे निघत नाही. राजवाड्यांनी दप्तर मालकाच्या माळ्यावर राहावे म्हणून धडपड केली नाही. त्यांनी ते वाचले, उतरवले, छापले आणि संस्थेच्या हवाली केले. माळ्यावर राहिलेली दप्तरे तर वाळवीने खाल्ली. माहिती वाचवायची असेल तर वस्तू धरून बसण्यापेक्षा ती योग्य हाती देणे जास्त उपयोगाचे ठरते.

आता आजच्या रिकाम्या होणाऱ्या घराकडे पाहिले तर अडचण कुठे आहे ते दिसते. आपण जास्त निर्दय झालो असे नाही. आपल्या घरातल्या बहुतेक नव्या वस्तू सोडण्यासाठी घडवलेल्याच नाहीत. प्लायवूडचे कपाट एकदा सोडवले की पुन्हा जोडले जात नाही, मेलामाइनच्या ताटाला मोड नाही, जुन्या टीव्हीला भंगारवाला मेहेरबानी केल्यासारखा उचलतो. बोहारणीला पॉलिएस्टर नको असते. आंदणाची चाल मोडली ते योग्यच झाले, पण तिच्याबरोबर वस्तू पुढच्या घरी जाण्याची एक मोठी वाटही बंद झाली. एक-दोन मुले आणि तीही परदेशी, त्यामुळे वाटणीत घेणाराच नाही. वस्तू येण्याच्या वाटा दसपट झाल्या आणि जाण्याच्या बुजल्या, त्याचा सगळा भार आयुष्याच्या शेवटी, घर लहान करताना, दोन म्हाताऱ्या माणसांवर एकदम पडतो. त्यांना तो आपल्या मनाचा दोष वाटतो. खरा दोष आहे तो आपल्या वस्तूंच्या घडणीत आणि आटलेल्या बाजारात.

म्हणून ज्याला परंपरा पाळायची आहे, त्याने माळा गच्च भरून ठेवण्याचे कारण नाही. परंपरेने तीन गोष्टी शिकवल्या होत्या. हातपाय चालत आहेत तोवर आणि आपल्या संमतीने द्यावे. घेणाऱ्याला ज्याचा उपयोग आहे ते द्यावे, मग तो नातू असो, गावचे देऊळ असो, संग्रहालय असो की जुन्या बाजारातला दुकानदार. आणि देताना याद करावी. ही तिसरी गोष्ट आपण पूर्णपणे विसरलो आहोत, आणि तीच आज सर्वांत स्वस्त आहे. जुन्या यादीत वजन होते, नाव नव्हते, कारण वजन पुढे जाणार होते. आज वजन कोणालाच नको आहे, तेव्हा यादीत नाव, साल, कोणी दिले, कशासाठी वापरले, कोणाला दिले हे लिहावे आणि कागदपत्रे व फोटो मात्र कोणत्याही तराजूत न घालता जाणत्या संस्थेकडे द्यावेत. तेवढे केले की बंब मोडीत घालायला हरकत नाही. त्याचे तांबे पुन्हा कुणाच्या तरी कामाला येईल, आणि ते देणाऱ्याने घराण्याशी दगाबाजी केली असे म्हणायला इतिहासात आधार सापडणार नाही.